पाहुण्या बेडकाचे जंत

काम चालू होतं तेव्हा त्यातलं काहीच गमतीचं वाटत नव्हतं. पाय चिखलात, डोळे सूक्ष्मदर्शकाला आणि डोक्यात राग, अशीच ती चार वर्षं गेली. आता आम्ही सगळे वेगवेगळ्या गावांना आहोत. ग्रुपवर कुणी साधा बेडकाचा फोटो टाकला तरी "तो कंडक्टर आठवतो का?" असं कुणीतरी विचारतंच, आणि पुढचा अर्धा तास कुणाचंच काम होत नाही. किस्से आपण जमवत नाही. आपण दुसरंच काहीतरी जमवत असतो आणि हे मागे ढीग लावून बसतात.

आम्ही जमवत होतो बेडकांचे जंत.

अमरावतीच्या एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागातली शेवटची खोली आमची. माणसं चार. सर, ज्यांना माणसांपेक्षा जंत जास्त आवडायचे. गजाननभाऊ, प्रयोगशाळा सहायक, ज्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. वैशू, शेंदूरजनाघाटच्या संत्रावाल्यांची मुलगी, जिची पीएचडी चालू होती. आणि मी, मूर्तिजापूरची, प्रोजेक्ट असिस्टंट. मला सगळं कालच व्हायला हवं असायचं.

भिंतीवर सरांनी तीन नियम लिहून लावले होते. बेडूक मारायचा नाही. जिथून उचलला तिथेच सोडायचा. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना बूट, जाळी, डबा, सगळं ब्लीचिंग पावडरने धुवायचं.

"मारायचा नाही तर पोटातले जंत कसे दिसतील?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"एक रात्र डब्यात ठेवायचा, ओल्या फडक्याखाली," सर म्हणाले. "सकाळी तो स्वतःच नमुना देतो."

मी एमएस्सीला पहिल्या वर्गात आले होते. बेडकाची शी गोळा करायला.

*

त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला अंदमानची गोष्ट सांगितली. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात जो मोठा बेडूक ओरडतो, नर पिवळाजर्द होतो, तो तिकडे मुळात नव्हता. माणसांबरोबर गेला आणि आता बेटांवर पसरतोय. त्याची पिल्लं तिथल्या बेडकांची पिल्लं खातात. इथे तो आपला, तिथे घुसखोर.

गजाननभाऊ बरण्या पुसत होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"आधी लोकं गुन्हा करून अंदमानात जात," ते म्हणाले. "हा तिथं जाऊन गुन्हा करून राहिला."

सरांनी पुढे बरीच वर्षं हे वाक्य आपलं म्हणून व्याख्यानात वापरलं. गजाननभाऊ प्रत्येक वेळी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे.

*

अंदमानला जाणं आम्हाला शक्य नव्हतं. पण वैशूच्या घरीच छोटं अंदमान तयार झालं होतं.

तिच्या वडिलांची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी. बागेच्या वरच्या अंगाला खडकात एक डोह आणि खाली शेततळं. दोन्हीकडे पूर्वी फक्त लहान बेडूक, अंगठ्याएवढे. मग वैशूच्या मोठ्या काकांना, ती त्यांना मोठेबाबा म्हणते, कुणीतरी सांगितलं की मोठा बेडूक बागेतले किडे खातो. मोठेबाबांनी मूर्तिजापूरकडच्या काळ्या मातीतून ड्रमभर बेडूक आणले आणि खालच्या शेततळ्यात सोडून दिले. वरच्या डोहात एकही नाही.

म्हणजे एकाच बागेत दोन पाणी. खाली पाहुणा आलेला, वर न आलेला. पाहुणा आल्यावर घरच्या बेडकांच्या जंतांचं काय होतं, हा वैशूचा प्रबंध. सगळा प्रबंध वरच्या डोहावर उभा होता. तिथे एक जरी मोठा बेडूक शिरला तर तुलना कशाशी करणार?

आणि वैशूच्या बाबांना वर बेडूक हवे होते. खालच्या अंगाला भावाच्या झाडांवर किडे कमी दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

"तुयं पुस्तक होईपर्यंत थांबतो," ते वैशूला म्हणाले. "मंग मले नोको म्हणू."

"बाबा, एकसुद्धा नाही."

"एकसुद्धा नाही. सांगतलं ना."

*

मी त्यांना काकाजी म्हणायचे. ते मला मूर्तिजापूर म्हणायचे. पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हाच त्यांनी विषय काढला.

"बेडकाले जंत झाले तर होऊ दे ना. तुमाले काय करा लागते?"

मी घाईघाईने परजीवी, यजमान, संक्रमण असं काहीबाही सुरू केलं. काकाजी भाकरी मोडत राहिले. शेवटी वैशूने मला गप्प केलं.

"बाबा, समजा घरी पाहुणा आला. एक पाहुणा आपला खोकला घेऊन येतो आणि सगळ्यांना देऊन जातो. दुसरा अगदी ठणठणीत येतो, त्याचा खोकला त्याच्या गावीच राहिला, म्हणून तो आपल्यापेक्षा जास्त जेवतो. तिसऱ्याला इथे आल्यावर आपलाच खोकला लागतो."

"मंग?"

"मग दोन गोष्टी होऊ शकतात. खोकला त्याच्यातच जिरला, तर आपल्या वाट्याचा कमी होतो. नाहीतर त्याच्यात वाढतो आणि दुप्पट होऊन आपल्याकडे परत येतो."

काकाजींनी थोडा विचार केला.

"आपल्याकडं जावई येतात ते कोणते म्हणाचे?"

वैशूची आई आतून म्हणाली, "दुसरे."

त्यानंतर मी बागेत गेले की काकाजी दारातच विचारायचे, "काहो मूर्तिजापूर, तुमच्या गाववाल्यायनं आमच्या लहानग्यायले काही देलं का नाही अजून?"

*

मारायचा नाही हा नियम होता, पण मेलेला उचलायला बंदी नव्हती. पावसाळ्यात रस्त्यावर बेडूक चिरडले जातात. त्यांची पोटं आम्हाला सोन्यासारखी. वनखात्याचं पत्र पर्समध्ये ठेवून मी आणि वैशू सकाळी सकाळी नांदगाव पेठच्या रस्त्यावर मान खाली घालून चालायचो.

तिथल्या कापडाच्या कारखान्यांतून तेव्हा रात्रपाळी सुटायची. एका कामगाराने विचारलं, "मॅडम, काय हारपलं?"

"काही नाही. मेलेले बेडूक शोधतोय."

तो मान हलवत निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी फाटकाशी चार जण आमची वाट बघत उभे होते. एकाच्या हातात पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर बेडूक. किती ट्रक त्याच्यावरून गेले होते कोण जाणे, पापडासारखा वाळला होता. एवढ्या आनंदाने दिलेला, नाही कसं म्हणणार? खोलीत आणून सरांपुढे ठेवला.

सरांनी चिमट्याने तो उचलून उजेडात धरला. पलीकडचं दिसत होतं.

"कापडवाल्यांनी दिला ना," ते म्हणाले. "जंतांनापण इस्त्री करून दिलीय."

*

आता तो कंडक्टर.

मी मूर्तिजापूरहून अमरावतीला येत होते. आदल्या दिवशी घराजवळ एक ताजा मेलेला बेडूक मिळाला होता. बर्फ भरलेल्या डब्यात तो, डबा मांडीवर. शेजारच्या बाईंनी प्रेमाने विचारलं, "काय बनवलं माय आईनं?" आणि मी खरं सांगितलं. खोटं बोलणं मला तेव्हा अजिबात चालायचं नाही.

बाई उठून पुढे गेल्या. पुढच्या दोन सीटही रिकाम्या झाल्या. कंडक्टर आला.

"काय हाय त्याच्यात?"

"बेडूक."

"जिता का मेलेला?"

"मेलेला."

त्याने तिकिटाचं मशीन बंद केलं. "मंग सामान हाय. जिता असता तर मले विचार करा लागला असता."

पुढच्या स्टॉपला गर्दी चढली. तरी मला आणि माझ्या डब्याला अमरावतीपर्यंत पूर्ण तीन सीटा मिळाल्या. इतका आरामाचा प्रवास मी पुन्हा कधी केला नाही.

*

सूक्ष्मदर्शकाखाली मला एकदा असं अंडं दिसलं की तसं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गोल, काठ जाड, आत चकाकी. नवीन प्रजाती. मी मनातल्या मनात तिला नावसुद्धा देऊन टाकलं. सर वर्गावर होते, वैशू बागेत. थांबणं मला जमेना. मी गजाननभाऊंना ओढून आणलं.

त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"ताई, हा हवेचा बुडबुडा हाय," ते म्हणाले. "मी याले वीस वर्षांपासून ओळखतो. दर नव्या पोरीले भेटते हा."

*

अकोल्याला एक परिषद होती. वैशूचा पहिला शोधनिबंध, तिच्या आईची साडी नेसून ती व्यासपीठावर. तिने छान सांगितलं. जंत हेही इथलेच प्राणी आहेत, बेडकाइतकेच जुने. पाहुण्यामुळे ते वाढले तर बेडकाचं नुकसान, पण ते नाहीसे झाले तर तेही नुकसानच. सर मान डोलावत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण मला खरंच वाटत होतं की आज हे सगळ्यांना कळलं.

मग अध्यक्ष उठले. मोठे पाहुणे, गळ्यात मोठा हार.

"ताईंनी फार गंभीर समस्या मांडली," ते म्हणाले. "मी शब्द देतो. आपण प्रत्येक तळ्यात जंताच्या गोळ्या टाकू. आपला जिल्हा जंतमुक्त बेडकांचा पहिला जिल्हा करू."

प्रचंड टाळ्या. मी उभी राहून काहीतरी बोलणार तेवढ्यात सरांनी माझी ओढणी खेचून मला खाली बसवलं.

"बस," ते म्हणाले. "विसरतील."

विसरले. सरांना माणसांची फार पारख होती. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. आता ती खोली आठवली की सगळ्यात आधी ओढणी खेचणारा तो हात आठवतो.

*

शेवटचा पावसाळा. वैशूचे वरच्या डोहाचे नमुने अगदी संपत आले होते. आणखी एक फेरी, मग लिहायला बसायचं.

आमची पद्धत ठरलेली होती. पांढरे डबे दोन. झाकणावर मार्करने एकावर 'वर', दुसऱ्यावर 'खाली'. संध्याकाळी पकडायचे, रात्रभर ठेवायचे, सकाळी नमुने घ्यायचे, झाकणं धुवायची आणि त्या त्या पाण्यात सोडून यायचं. डबा पाण्याला टेकवूनच उघडायचा, नाहीतर बेडूक उडी मारून कुठेही जातो. त्या दिवशी आम्हाला सरांना भेटायला सकाळचीच बस पकडायची होती. सोडायचं काम वैशूने काकाजींवर टाकलं.

"बाबा, अंदाज करायचा नाही. झाकण वाचायचं."

"मले वाचता येते."

तिसऱ्या दिवशी आम्ही शेवटच्या फेरीला परत आलो. वरच्या डोहाच्या खडकावर पिवळाजर्द मोठा बेडूक बसला होता. आरामात, बागेचा मालक असल्यासारखा.

वैशू नुसती खडकावर बसली.

काकाजींना विचारलं. "झाकणावर 'वर' लिहिलं होतं," ते म्हणाले. "डबा उघडला तं 'डुबुक' असा मोठा आवाज आला. मले वाटलंच. पण तू म्हणाली अंदाज नाही."

कुणाचाच विश्वास बसला नाही. त्यांना वर बेडूक हवेच होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी तर त्यांना अंगणात उभं करून भाषण दिलं. शास्त्रात प्रामाणिकपणाच सगळं असतो काकाजी, एका माणसाच्या हट्टापायी चार वर्षं वाया जातात, असं बरंच काही. वडिलांच्या वयाच्या माणसाला. ते ऐकत राहिले. मग जाळी घेऊन डोहात उतरले, कमरेएवढ्या पाण्यात, आणि अंधार पडायच्या आत तो बेडूक पकडून बाहेर आले. वैशू तेव्हाही त्यांच्याशी बोलली नाही.

परतीच्या बसमध्ये, वरुड मागे पडल्यावर, मला आठवलं. त्या सकाळी दोन्ही झाकणं मीच धुतली होती. एकाच बादलीत, एकाच वेळी. बस निघून जाईल म्हणून न वाचता दोन्ही डब्यांवर दाबून टाकली होती. फडक्याखाली कोण आहे तेही पाहिलं नव्हतं.

सोमवारी सांगायचं ठरवलं. सोमवारी वैशूने प्रबंधात एक पान वाढवलं होतं: वरच्या डोहात एक मोठा नर दोन दिवस होता, कसा आला ते निश्चित सांगता येत नाही. सर म्हणाले, "हेच लिही. लपवू नको." मी पुढच्या सोमवारवर टाकलं. मग त्याच्या पुढच्या. वैशू दिवाळीला घरी गेली नाही.

व्हायवाच्या दिवशी हॉल भरला होता. मागच्या रांगेत काकाजी आणि वैशूची आई. मास्तर लोकांना द्यायला आणलेली संत्र्यांची पिशवी काकाजींच्या पायाशी. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. पानं उलटत थेट त्या पानावर आले.

"हा वर कसा गेला?"

"माहीत नाही सर," वैशू म्हणाली.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकाजी उभे होते. "मी सोडला साहेब. पोरीची चूक नाही."

मी कधी उभी राहिले मला कळलंच नाही. "झाकणं मी बदलली," मी म्हणाले. "धुताना. काकाजींनी फक्त वाचलं. ते खरं सांगत होते."

वैशूने माझ्याकडे पाहिलं नाही. ती वळून मागच्या रांगेकडे बघत होती. मग गजाननभाऊही उठले आणि मार्कर त्यांनीच आणून दिला होता म्हणाले. सर म्हणाले, "गजानन, बस."

परीक्षकांनी चष्मा काढला. सगळे परत बसेपर्यंत थांबले.

"तो कुणी सोडला याच्याशी मला काही देणंघेणं नाही," ते वैशूला म्हणाले. "माझा प्रश्न दुसरा आहे. दोन दिवस तो वरच्या पाण्यात होता. तिथले जंत त्याच्यात गेले का? पकडल्यावर नमुना घेतला होता का?"

"नाही सर," वैशू म्हणाली. "त्या संध्याकाळी कुणाच्याच लक्षात आलं नाही."

काकाजी खाली वाकले. संत्री बाजूला सारत पिशवीच्या तळातून त्यांनी एक लहानशी बाटली काढली. आमच्याच खोलीतली, बागेत राहून गेलेली, स्पिरिट घातलेली, तळाशी काळपट काहीतरी. ती हातात धरून ते दोन रांगांमधून पुढे आले आणि परीक्षकांच्या टेबलावर ठेवली.

"रातभर डब्यात ठेवला होता साहेब, ओल्या फडक्याखाली. नियम हाय ना यायचा," ते म्हणाले. "सकाळी खाली सोडला. फक्त झाकणावर 'वर' लिहू का 'खाली', ते काही माह्यानं ठरलं नाही. म्हणून कोरंच ठेवलं."